पंचवीस हजार व्होल्ट आणि एक बोकड

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन दारव्ह्याची ममता मनवर रेल्वेच्या विद्युतीकरणात अप्रेंटिस म्हणून लागली, तेव्हा तिच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. पोरगी आता आगगाडी विजेवर चालवणार, असं भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. अकरा महिने उलटले तरी पोरीनं साधा एक बोल्टही आवळला नव्हता, ही गोष्ट मात्र मायलेकींनी आपापसातच ठेवली.

अप्रेंटिस म्हणजे काय, हे ममताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मोजमापाची टेप असते. तिचं एक टोक ज्याच्या हातात असतं तो इंजिनियर, दुसरं टोक ज्याच्या हातात असतं तो अप्रेंटिस. वणीच्या पुढं आदिलाबादच्या अंगाला जाणाऱ्या लाइनवर अकरा महिने ती दुसरं टोक धरून उभी होती. शिवाय फाइल धरायची, छत्री धरायची, आणि साहेब कोणावर चिडले की त्या माणसाच्या बाजूला उभं राहून थोडं आपणही ऐकून घ्यायचं.

तिची इच्छा तशी फार मोठी नव्हती. रुळांच्या वर दोन तारा असतात. वरची झोळ घेऊन लटकते, खालची सरळ ताणलेली असते. खालचीला वरचीशी बांधून ठेवणारे जे हातभर लांबीचे उभे तुकडे असतात, त्यांना ड्रॉपर म्हणतात. ममताला शिडीवर चढून एक ड्रॉपर, फक्त एक, आपल्या हातानं लावायचा होता. रेल्वे गेटपासून नदीच्या पुलापर्यंतच्या प्रत्येक ड्रॉपरची लांबी तिला तोंडपाठ होती. पण हात लावायची गोष्ट निघाली की सेक्शनचे इंजिनियर ताजने साहेब म्हणायचे, "तू पडली म्हंजे मले किती कागद भरा लागते, मालूम हाय का?" साहेब वाईट नव्हते. त्यांना पोरगी पडण्यापेक्षा कागदांची भीती जास्त होती इतकंच.

जानेवारी अर्धा उलटला. अप्रेंटिसशिपचे शेवटचे तीन आठवडे राहिले आणि साहेबांनी आपणहून तिला शब्द दिला. लाइन शुक्रवारी सकाळी अकरा वाजता चार्ज होणार होती, म्हणजे तारेत पंचवीस हजार व्होल्टची वीज सोडणार होते. त्याआधी लाइनच्या दोन्ही बाजूंच्या गावांना तशी सूचना द्यायची आणि सूचना मिळाल्याच्या सह्या घ्यायच्या. सगळ्या गावांच्या सह्या आल्या होत्या, फक्त गेटजवळच्या तांड्याची राहिली होती. ती आणली तर ममताला शिडीवर चढू देईन, असं साहेब म्हणाले. तांड्याची सही का राहिली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

तांड्याची सही राहिली होती, कारण तांड्याचा विश्वासच नव्हता. आणि यात तांड्याची चूक नव्हती. हीच लाइन दसऱ्याला चार्ज होणार होती, मग दिवाळीला, मग संक्रांतीच्या आत. दर वेळी नोटीस लागायची, दर वेळी तारीख उलटायची आणि तार आपली कोरडीच लोंबत राहायची. त्या वर्षी एकूणच छापील शब्दाची पत उतरली होती. बोंडअळी येणार नाही असं बियाण्याच्या पाकिटावर सगळ्यांनी वाचलं होतं, आणि गुलाबी अळी तेच बोंड पोखरत बसली होती. तिथं रेल्वेच्या पिवळ्या कागदाला कोण विचारतो.

ममतानं आधी सरळ मार्ग धरला. वणीचे बशीरभाई आपल्या ऑटोवर भोंगा लावून साड्यांच्या सेलची जाहिरात करायचे, त्यांना तिनं सांगून ठेवलं. बशीरभाईंनी मन लावून काम केलं. अडचण एवढीच झाली, की त्यांच्या आवाजाला गेली वीस वर्षं सेलची सवय लागलेली. "पंचवीस हजार व्होल्ट, पंचवीस हजार व्होल्ट, फक्त शुक्रवारपासून," असं ते ज्या उमाळ्यानं म्हणाले, ते ऐकून तांड्यातल्या चार बाया पिशव्या घेऊन बाहेर आल्या. सेल नाही म्हटल्यावर परत गेल्या.

मग तिनं कवटीचं चित्र असलेले फलक लावले. दुसऱ्या दिवशी त्यातला एक धनीबाईच्या गोठ्याच्या भोकावर नीट बसवलेला दिसला. पत्रा चांगला जाड होता.

ही धनीबाई म्हणजे तांड्यातली बकऱ्यावाली. पंधरा-सोळा बकऱ्या, आणि हातात कायम एक लांबलचक आकडी: चांगला दोन पुरुष उंचीचा बांबू आणि त्याच्या टोकाला तारेनं बांधलेला लोखंडी विळा. बाभळीचा पाला ओढायला ती आकडी. आता बाभळी नेमक्या लाइनला लागून होत्या, कारण बाकीच्या बाभळी तांड्यानं केव्हाच सरपणाला लावल्या होत्या. रोज सकाळी धनीबाई लाइनवर यायची, आकडी वर करायची, आणि तो विळा तारेच्या अगदी शेजारून सर्रकन जायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ममता ओरडत धावली. तार अजून मेलेली होती म्हणून बरं. शुक्रवारी अकरानंतर तिचा निव्वळ कोळसा उरला असता, आणि हे ममतानं तिला अगदी याच शब्दांत सांगितलं.

धनीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छोरी, माह्या घरी बल्ब पेटत नाई. इथं कोळसा कुठून व्हइन?"

शेवटी ममता तांड्याचे नाईक रामसिंग यांच्याकडं गेली. नाईक म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस. त्यांच्या समोर तांडा बसतो आणि जो काही तंटा असेल त्याचा निवाडा होतो, त्या बैठकीला नसाब म्हणतात. रामसिंग म्हणाले, आम्ही एकेकट्यानं काही मानत नाही, तू नसाबापुढं ये. रविवारी सकाळी लिंबाखाली सगळा तांडा जमला आणि ममताला मध्ये बसवलं. तिला वाटलं होतं, आपण चार सूचना द्यायच्या आणि सही घेऊन निघायचं. पण नसाबाची रीत वेगळी. तिथं आलेला माणूस एक तर फिर्यादी असतो, नाही तर आरोपी. ममता फिर्याद घेऊन आलेली नव्हती, तेव्हा ती आपोआप आरोपी ठरली.

दोन तास उलटतपासणी चालली. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेतसुद्धा कोणी तिला इतकं पिळलं नव्हतं. रामसिंगांनी पहिलाच मुद्दा असा काढला, की घरी दोनशे तीस व्होल्ट येते म्हणतात आणि येते दीडशे. "त्या मानानं तुह्ये पंचवीस हजार म्हंजे सोळाच हजार धरा लागन." ममतानं विचार केला आणि म्हणाली, सोळा हजार धरा, तरी माणूस तेवढाच मरतो. हे उत्तर नसाबाला आवडलं. मग कोणीतरी विचारलं की लोडशेडिंगमध्ये ही तार बंद राहील का. कोणी म्हणालं, रात्रीचा भार वाढला की कमी होईल का. ममतानं सगळ्यांना एकच सांगितलं: शुक्रवारी अकरानंतर तार बंद आहे की चालू, हे विचारायचंच नाही. ती चालूच. कोणीही येऊन बंद आहे म्हणालं, तरी चालूच.

"अन् नाई आली त?" रामसिंग म्हणाले. "आजवर तीन डाव नाई आली. कोन जामीन?"

ममतानं इकडं तिकडं पाहिलं. रेल्वे खातं काही लिंबाखाली येऊन बसणार नव्हतं. तेव्हा हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं तिनं केलं. म्हणाली, "मी जामीन."

जामीन खोटा ठरला तर तांड्याला बोकडाचं जेवण घालायचं, ही जुनी रीत. ममतानं ते कबूल केलं, रामसिंगांनी कागदावर सही केली, आणि धनीबाईनं सगळ्यांसमोर आकडीचा विळा सोडून कमरेला खोवला. अकरा महिन्यांतलं पहिलं काम ममताच्या हातून झालं, आणि ते करताना टेपची दोन्ही टोकं तिच्याच हातात होती. घरी जाताना मात्र तिच्या लक्षात आलं, की सगळा तांडा आता देवाजवळ शुक्रवारी वीज येऊ नये म्हणून मागणं मागत असणार. धनीबाईनं तर आपल्या कळपातला एक काळा बोकड वेगळा बांधून त्याला सरकी चारायला सुरुवातही केली होती. जेवणाचा बोकड तिच्याकडूनच घेतला जाणार, यात तिला शंका नव्हती.

शुक्रवारी साडेदहालाच गेटजवळ अख्खा तांडा येऊन बसला. कापसाची वेचणी त्या वर्षी अर्ध्यावरच उरकली होती, त्यामुळं वेळ सगळ्यांजवळ होता. धनीबाई बोकडासकट आली होती. ममता गेटमनच्या खोलीसमोर घड्याळ पाहत उभी होती.

अकरा वाजले. चाळीस घरांच्या माना एकदम वर झाल्या.

तारेत काहीच फरक पडला नाही. दहा एकोणसाठला जशी होती तशीच ती अकरालाही होती. एक पोपट येऊन तिच्यावर बसला आणि उडूनही गेला. लोकांनी ममताकडं पाहिलं. ती म्हणाली, वीज दिसत नसते. हे शास्त्राच्या दृष्टीनं खरं होतं, पण बोलताना तिलाच ते पळवाटेसारखं वाटलं. पोपट का मेला नाही, हेही तिनं समजावलं. पण बोकडाच्या आशेनं आलेल्या माणसाला एकाच तारेवर बसणं आणि तार-जमीन एक करणं यातला फरक सांगणं सोपं नसतं. एकानं बल्ब लावून पाहू म्हटलं. त्याला रामसिंगांनीच खाली बसवलं. आली की नाही, हे ठरवायचं कसं, यावर नसाब तिथंच रुळाच्या कडेला पुन्हा भरला.

तेवढ्यात ताजने साहेब आले. त्यांच्याबरोबर चार माणसं, रुळावरून ढकलत आणायची चाकांची उंच शिडी, आणि उद्या मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून आलेला घाम. गेटपासून तिसऱ्या खांबापाशी एक ड्रॉपर निसटून लोंबत होता. तपासणीत तो दिसला असता तर सगळ्यांची शोभा झाली असती. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि त्यांची नजर ममतावर पडली.

"अकरा महिने डोकं खाल्लं ना," ते म्हणाले. "चढ मंग. लाव तो ड्रॉपर."

ममतानं परमिट आलं का, असं विचारलं. सूचनेची वेळ उलटल्यावर तारेला हात लावायचा तर कंट्रोलला फोन करायचा, त्यांनी वीज बंद करायची, लेखी परवानगी द्यायची, मग तारेला दोन्ही बाजूंनी जमिनीशी जोडायचं आणि मगच चढायचं, असा नियम. त्यात दोन तास जातात. साहेबांनी हात उडवला. सबस्टेशनमधल्या त्यांच्या मित्रानं रात्रीच सांगितलं होतं म्हणे, की आज काही चार्ज होत नाही, सोमवारावर गेलं. आजवर तीन डाव नाही झालं, आता काय होते. तार मेलेली आहे, चढ.

हे सगळं साहेब खणखणीत आवाजात बोलले. ते ऐकून तांड्यात आनंदाची लाट आली. खुद्द रेल्वेचा साहेबच म्हणतो तार बंद आहे, म्हणजे जामीन खोटा, म्हणजे बोकड. दोघं तर चुलीचे दगड शोधायला उठलेसुद्धा.

आणि खरं सांगायला हरकत नाही, ममतालाही आनंद झाला. बोकड गेला खड्ड्यात. शिडी समोर होती, आणि ज्या माणसानं अकरा महिने तिला टेप धरायला लावलं तोच चढ म्हणत होता. साहेबांना लाइनचं कळत नाही असं थोडंच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. हेल्मेट चढवलं. पट्टा कमरेला आवळला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि दुसरीवरही ठेवला. तिसऱ्या पायरीवरून तिनं सवयीनं मागं वळून पाहिलं.

धनीबाई रुळाच्या कडेला उकिडवी बसली होती. कमरेचा विळा तिनं काढला होता आणि तारेनं तो बांबूच्या टोकाला पुन्हा बांधत होती. तिचं काही चुकत नव्हतं. तार बंद आहे, साहेब म्हणतो बंद आहे, जामीन राहिलेली पोरगी स्वतः चढून राह्यली. पाच दिवस बकऱ्या अर्धपोटी होत्या. समोरच बाभूळ होती.

"मावशी, थांब," ममता वरून म्हणाली.

धनीबाईनं हात थांबवला नाही. गाठ मारत मारत तिनं विचारलं, "बंद हाय का चालू हाय? एकच सांग."

बंद म्हणावं, तर ती बाई आत्ता आकडी वर करणार, उद्याही करणार, आणि सोमवारी कोणी सांगायला येईपर्यंत तिचा कोळसा झालेला असणार. चालू म्हणावं, तर आपण या शिडीवर काय करतो आहोत? दोन्ही गोष्टी एका तोंडानं म्हणता येईनात. तिसऱ्या पायरीवर ती तशीच उभी राहिली. मग खाली उतरली. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कोणावर हे कळत नव्हतं.

"चालू हाय," ती म्हणाली. "बांबू खाली ठेव."

साहेब संतापले. सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं असं त्यांना वाटलं, आणि ते तसंच होतं. सर्टिफिकेटवर आपणच सही करतो, अशी आठवण त्यांनी तिला दोनदा करून दिली. ममता एवढंच म्हणाली की परमिट आणा, मी चढते. शेवटी तिला कायमचं गप्प करावं म्हणून ते तरातरा गेटमनच्या खोलीत गेले. कंट्रोलचा फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून रिसीव्हर कानापासून लांब धरून विचारलं, की सोमवारचं पक्कं का.

"कसला सोमवार?" फोनमधला माणूस म्हणाला. "दहा अठ्ठावन्नला चार्ज झाली लाइन. कोण बोलतंय?"

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. ते गेटमनच्या बाकावर बसले. त्यांनी एकदा शिडीकडं पाहिलं, एकदा ममताकडं, आणि गेटमननं दिलेलं पाणी प्यायचं सोडून हातात धरून ठेवलं. कागदांचा विचार त्या वेळी त्यांच्या मनात नव्हता, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

तांड्यात मात्र बोकड हातचा गेल्याचं सुतक पसरलं. चुलीचे दगड आणायला गेलेले दगड घेऊन परत आले होते, ते तसेच हातात धरून उभे राहिले. रामसिंगांनी खाकरून निवाडा दिला. जामीन खरा ठरला, तिच्यावर काही नाही. पण नसाब भरलेला असताना चालू तारेला बंद म्हणणं, ही खोटी साक्ष. दंड तोच, बोकडाचा, पण द्यायचा साहेबांनी. साहेबांनी मान हलवली. त्या घटकेला त्यांच्याजवळ कोणी हत्ती मागितला असता तरी त्यांनी मान हलवली असती. धनीबाईनं काळ्या बोकडाची दोरी मुकाट्यानं साहेबांच्या हातात दिली.

मग सगळं रीतसर झालं. साहेबांनी परमिट मागितलं, दीड तास वाट पाहिली, वीज बंद झाल्याचा नंबर गेटमनच्या वहीत लिहून घेतला. दोन्ही बाजूंनी तार जमिनीशी जोडली, आणि ती जोडणी साहेबांनी स्वतः तीनदा तपासली. मग ते ममताजवळ आले. आवाज अगदी खाली आला होता.

"चढ," ते म्हणाले. "आता खरंच बंद हाय. तुह्याच हातानं लाव."

ममता शिडीकडं निघाली आणि तिला पुढं जाता येईना. धनीबाईनं तिचं मनगट धरलं होतं. बकऱ्यांना आवरून आवरून त्या हाताची पकड लोखंडी झाली होती.

ममतानं तिला समजावलं. परमिट म्हणजे काय, नंबर म्हणजे काय, तार जमिनीशी जोडली की वीज कशी राहत नाही, सगळं सांगितलं. धनीबाईनं सगळं ऐकलं.

"तूच सांगतलं," ती म्हणाली. "कोनीबी बंद म्हनलं तरी चालूच समजाची. कोनीबी म्हंजे तू बी."

"मावशी, साहेबबी येतेच की दुसऱ्या बाजूनं वर."

"चढू दे त्याले. तो आमच्या लिंबाखाली कधी बसला नाई."

आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. रामसिंगांकडं आशेनं पाहावं, तर ते बोकडाच्या मागं गेलेले. शेवटी ताजने साहेबच धापा टाकत वर गेले आणि ड्रॉपरशी झटू लागले. खालून ममता त्यांना लांबी सांगत होती, क्लॅम्प जरा डावीकडं म्हणत होती, आणि साहेब निमूट ऐकत होते. तिला मनापासून वाईट वाटत होतं. अकरा महिने ज्या जागेसाठी जीव टाकला, ती तीन माणसं उंचीवर समोर होती. आणि त्याच वेळी तिला हेही जाणवत होतं, की या अकरा महिन्यांत ती मरू नये म्हणून कोणी तिचा हात असा धरला नव्हता. साहेब खाली उतरेपर्यंत धनीबाईनं तो सोडला नाही, आणि ममतानंही तो सोडवून घेतला नाही.